येशूसंघाचा इतिहास आणि आपण

(शेवगाव येथे बौद्ध कुटुंबांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. बौद्धांच्या सभेत रोमन कॅथलिक मिशनरी संघाचा इतिहास कशासाठी, असा प्रश्न मनात येणे साहजिक आहे. त्याचे उत्तर आपल्या वस्तीतच आहे. ज्या वाड्यातून आपण बुद्धाला शरण गेलो, त्याच वाड्यातील काही घरे आपल्यापूर्वी दोन-तीन पिढ्या ख्रिस्ताकडे गेली. आडनावे तीच, आजे-पणजे तेच, आणि गावकुसाबाहेरची जमीनही तीच. आपण धर्म बदलला, त्यांनीही बदलला. मग त्यांच्या धर्मांतराचे काय झाले, त्यांना दीक्षा देणारा संघ कोठून आला, त्याने काय दिले आणि काय देऊ शकला नाही, हे जाणून घेणे नव्या बौद्ध कुटुंबांचे कर्तव्यच आहे. एकाच रोगावर शेजाऱ्याने आधी औषध घेतले असेल, तर त्याला गुण कितपत आला याची शहाणा माणूस चौकशी करतो.

मी वकील आहे. एखादी संस्था काय सांगते याबरोबरच ती कोणत्या कायद्याच्या आधाराने उभी आहे आणि तिच्या घरात निर्णय कोणाच्या हाती आहे, हे पाहण्याची माझी सवय आहे. येशूसंघाचा इतिहास मी त्याच दृष्टीने आपणांपुढे मांडणार आहे. त्यात कोणाच्या श्रद्धेची निंदा करण्याचा हेतू नाही.

राजाश्रयाचा काळ

ज्यांना आपण जेझुइट किंवा येशूसंघीय म्हणतो, त्या संघाची स्थापना इग्नेशियस लोयोला ह्या स्पॅनिश गृहस्थाने केली आणि १५४० साली पोपने तिला मान्यता दिली. दारिद्र्य, ब्रह्मचर्य व आज्ञापालन ह्या तीन व्रतांखेरीज पोप पाठवील तेथे धर्मकार्यासाठी जाण्याचे चौथे व्रत ह्या संघात आहे. शिस्त, विद्या आणि परदेशगमनाची तयारी ह्या तीन गुणांमुळे हा संघ थोड्याच काळात जगभर पसरला. लोयोलाचा सहकारी फ्रान्सिस झेवियर ६ मे १५४२ रोजी गोव्यात उतरला.

तो स्वतंत्रपणे आलेला नव्हता, हे ध्यानात घ्यावे. पूर्वेकडील चर्चच्या व्यवस्थेचे अधिकार पोपने पोर्तुगालच्या राजाला दिले होते. मिशनऱ्याचे जहाज राजाचे, खर्च राजाचा आणि संरक्षणही राजाचेच. राजाच्या छायेत धर्म गेला म्हणजे धर्माच्या हातात राजाची काठी येते. झेवियरने १५४६ साली पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून गोव्यात धर्मन्यायालय स्थापण्याची मागणी केली. ते इन्क्विझिशन १५६० साली स्थापन झाले आणि मधला थोडा काळ सोडल्यास १८१२ पर्यंत चालू राहिले. धर्मांतरितांच्या घरातील जुन्या चालीरीतींवर सुद्धा त्याची नजर असे. ज्याने नवा धर्म स्वीकारला, तोच त्या न्यायालयाच्या कचाट्यात प्रथम सापडे. स्वीकाराला भीतीची जोड मिळाली की त्यातील स्वातंत्र्य संपते.

त्याच संघाने मराठी भाषेची सेवाही केली, हे मान्य करणे न्यायाचे होईल. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला, येथील भाषा शिकला आणि त्याने ओवीबद्ध मराठीत 'ख्रिस्तपुराण' रचले. ते १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. दहा हजारांहून अधिक ओव्यांचा हा ग्रंथ मराठी वाङ्मयाचे भूषण आहे. परंतु तो रोमन लिपीत छापला गेला. देवनागरी लिपीत तो प्रथम ग्रंथरूपाने आला तो १९५६ साली, पुण्यास. म्हणजे मराठी माणसासाठी लिहिलेला ग्रंथ मराठी माणसाला स्वतःच्या अक्षरात वाचायला मिळण्यास ३४० वर्षे लागली. इकडे १६८४ साली पोर्तुगीज सरकारने लोकांनी तीन वर्षांत कोकणी सोडून पोर्तुगीज बोलावे, असा हुकूम काढला. एका हाताने भाषेचा गौरव आणि दुसऱ्या हाताने तिची गळचेपी, असा हा राजाश्रयाचा संसार होता.

नव्या घरात जुनी जात

आता जातीचा प्रश्न घेऊ. कारण आपल्या दृष्टीने तोच मुख्य आहे.

रॉबर्ट द नोबिली हा इटालियन जेझुइट १६०६ साली मदुरेस गेला. उच्चवर्णीय लोक परदेशी पाद्र्यांना तुच्छ मानून जवळ येत नाहीत, हे त्याने पाहिले. त्यावर त्याने काय उपाय केला? जातीचा निषेध त्याने केला नाही. त्याने संन्याशाचा वेष घेतला, शाकाहार स्वीकारला, ब्राह्मण स्वयंपाकी ठेवला आणि कनिष्ठ जातींत वावरणाऱ्या आपल्याच सहकारी पाद्र्यांपासून स्वतःला दूर ठेवले. धर्मांतर केलेल्या ब्राह्मणाने जानवे व शेंडी ठेवावी की नाही, हा वाद रोमपर्यंत गेला आणि १६२३ साली पोपने काही अटींवर ती ठेवण्यास परवानगी दिली. पुढे ह्या मिशनात उच्च जातींसाठी निराळे आणि खालच्या जातींसाठी निराळे, असे मिशनऱ्यांचे दोन वर्गच पडले.

रोममधून ह्याविरुद्ध आवाज उठला नाही असे नाही. १७०४ साली पोपचा प्रतिनिधी कार्डिनल तुर्नाँ ह्याने पाँडिचेरीस निर्बंधाचा आदेश काढला आणि १७४४ साली पोप चौदावा बेनेडिक्ट ह्याने अस्पृश्य ख्रिस्ती आजारी पडला तर पाद्र्याने त्याच्या घरात जाऊनच अखेरचे संस्कार दिले पाहिजेत, असे बजावले. बंधूंनो, हा हुकूम काढावा लागला ह्याचा अर्थ काय? पाद्री मरणाऱ्या अस्पृश्याच्या झोपडीत पाऊल टाकण्यास कचरत होते, हाच त्याचा अर्थ. आणि त्यावर तोड कोणती निघाली? अस्पृश्यांसाठी काही पाद्री वेगळे नेमावेत! रोग बरा करण्याऐवजी रोग्याची खोली वेगळी केली. १७७३ नंतर येशूसंघ बरखास्त झाल्यावर हे दक्षिणेतील मिशन पॅरिसच्या परदेशी मिशन संघाच्या हाती १७७६ साली गेले. संघ बदलला तरी जात हटली नाही.

प्रत्यक्ष संघात भारतीयांना प्रवेश होता काय? सोळाव्या शतकात पेद्रो लुईस हा केरळातील एक ब्राह्मण जेझुइट झाला आणि १५७५ साली पाद्री झाला. त्याच्यानंतर फार मोठ्या काळापर्यंत भारतीयांना ह्या संघाची दारे बंद राहिली. देशी माणसाने प्रार्थना करावी, वर्गणी द्यावी, आज्ञा पाळावी. आज्ञा देण्याचे स्थान त्याचे नव्हते.

परमपूज्य बाबासाहेबांनी ख्रिस्ती धर्मप्रसारावर आणि धर्मांतरिताच्या स्थितीवर दोन प्रदीर्घ निबंध लिहिले आहेत. ते त्यांच्या समग्र इंग्रजी लेखनाच्या पाचव्या खंडात १९८९ साली प्रसिद्ध झाले. झेवियर आणि नोबिली ह्या दोघांचाही विचार बाबासाहेबांनी त्यात केला आहे. त्यांच्या प्रश्नाचा रोख असा की, धर्मांतरिताच्या अंगी सामाजिक अन्यायाविरुद्ध उभे राहण्याचे बळ नव्या धर्माने निर्माण केले काय? मिशनऱ्यांच्या शाळा व दवाखाने ह्यांची त्यांनी कदर केली. परंतु हा प्रश्न त्यांनी सोडला नाही. आपणही तो सोडता कामा नये.

देशोधडीचा संघ नगर जिल्ह्यात

राजाश्रयाचे दुसरे टोक आता पाहा. ज्या पोर्तुगीज सत्तेने जेझुइटांना गोव्यात आणले, त्याच सत्तेने १७५९ साली त्यांना आपल्या सर्व मुलखांतून हद्दपार केले. गोव्यातील पाद्र्यांना पकडून जहाजाने लिस्बनला नेले. १७७३ साली तर पोपनेच सगळा संघ विसर्जित केला. १८१४ साली संघाचे पुनरुज्जीवन झाले. ह्या एक्केचाळीस वर्षांत भारतातील धर्मांतरितांना कोणी विचारले की, तुमचे गुरू काढून घेऊ काय? कोणीही विचारले नाही.

पुनरुज्जीवित संघातील जर्मन जेझुइटांकडे १८५० च्या दशकात मुंबई-पुण्याचे मिशन आले. मुंबईचे सेंट झेवियर्स कॉलेज त्यांनीच १८६९ साली काढले. १८७६ ते ७८ च्या भीषण दुष्काळानंतर ते नगर जिल्ह्यात आले. अमेरिकन मराठी मिशन येथे १८३१ पासूनच होते. जेझुइटांनी राहुरी तालुक्यातील केंदळ व वळण, तसेच संगमनेर अशा ठिकाणी ठाणी उभारली आणि मुख्यतः महार समाजात काम केले. फादर ठाण्यावर राही, घोड्यावरून गावोगाव फिरे; पण वाड्यात रोज शिकवणारा आणि प्रार्थना घेणारा असे तो गावचा मास्तर, आपल्यातलाच एक शिकलेला माणूस. ज्या काळात गावच्या शाळेत आपल्या मुलांना ओसरीबाहेर बसवीत, त्या काळात ह्या मास्तरांनी वाड्यात पाटी-पेन्सिल आणली. हे ऋण नाकारणे कृतघ्नपणा ठरेल. १८८६ साली पुण्याचा धर्मप्रांत स्थापन झाला आणि नगरचे काम त्याखाली आले. १९८७ साली नाशिकचा धर्मप्रांत वेगळा झाला, तेव्हापासून नगर जिल्हा त्यात आहे.

येथे कायद्याच्या अभ्यासकाने एका गोष्टीपाशी थांबावे. जर्मन साम्राज्याने १८७२ साली कायदा करून जेझुइट संघाला आपल्या देशातून घालवून दिले होते. तो कायदा १९१७ पर्यंत टिकला. म्हणजे आपल्या जिल्ह्यात आलेल्या ह्या जर्मन संघाला त्याच्या स्वतःच्या देशात ठाणे मांडण्याची मुभा नव्हती. पुढे १९१४ चे महायुद्ध पेटले. इंग्रज सरकारच्या लेखी जर्मन पाद्री एका दिवसात शत्रू ठरले. त्यांना स्थानबद्ध करून १९१५-१६ मध्ये मायदेशी धाडण्यात आले. जर्मन नागरिकांना कोंडण्याची मोठी छावणी तर आपल्या नगर शहरातच होती. पुण्याचे बिशप डोरिंग युद्ध सुरू झाले तेव्हा युरोपात होते, त्यांना परत येता आले नाही. १९२१ साली त्यांची नेमणूक जपानात हिरोशिमास झाली आणि १९२७ सालीच ते पुण्यास परतू शकले.

मागे राहिलेले काम स्विस जेझुइटांनी सांभाळले. त्यांची कथा आणखी विलक्षण आहे. स्वित्झर्लंडच्या राज्यघटनेतच जेझुइटांवर बंदी होती! १८४८ च्या घटनेत ती घातली गेली, १८७४ च्या घटनेत चर्च आणि शाळेतील त्यांच्या कार्यापर्यंत वाढवली गेली, आणि २० मे १९७३ च्या जनमतानंतर उठली. लोकशाहीचे माहेरघर म्हणून ज्या देशाचा गौरव होतो, तेथील घटना ह्या संघाला मनाई करीत होती. आणि बाबासाहेब ज्या घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते, ती भारताची घटना १९५० पासून प्रत्येकाला विवेकस्वातंत्र्य, धर्म आचरण्याचे व त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य आणि धार्मिक संस्था चालविण्याचा हक्क देत होती. फादर हर्मन बाकर हे स्विस जेझुइट १९४८ साली भारतात आले. नगर जिल्ह्यातील दुष्काळी गावांत त्यांनी पाणलोटाचे काम उभे केले आणि १९९३ साली फादर क्रिस्पिनो लोबो ह्यांच्यासह पाणलोट विकासाची संस्था स्थापिली. स्वदेशात निषिद्ध असलेल्या संघाचा माणूस आमच्या माळरानावर पाणी अडवू शकला, तो आमच्या घटनेच्या छत्राखाली. हे छत्र सर्वांसाठी आहे, म्हणूनच ते आपल्यासाठीही आहे.

ह्या इतिहासाचा बोध

पहिला बोध असा की, ज्या धर्मसंस्थेची सूत्रे समुद्रापार असतात, तिच्या अनुयायांचे भवितव्यही समुद्रापार ठरते. लिस्बन, रोम, बर्लिन येथे निर्णय झाले आणि केंदळ-वळणच्या माणसांना ते सोसावे लागले. आपले धर्मांतर ह्याहून मुळातच वेगळे आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास बाबासाहेबांनी भिक्खू चंद्रमणी ह्यांच्याकडून दीक्षा घेतली, आणि नंतर आपल्या लाखो बांधवांना स्वतःच दीक्षा व बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्याआधी १९५५ सालीच त्यांनी भारतीय बौद्ध महासभा स्थापिली होती. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली आणि तिचे महाविद्यालय १९५० साली गोदावरीपलीकडे औरंगाबादेस उभे राहिले होते. आधी आपली संस्था, आपली शाळा, मग धर्मांतर. हा क्रम सहज घडलेला नाही. म्हणून विहाराची जागा कोणाच्या नावे आहे, विश्वस्त कोण, हिशेब तपासतो कोण, हे विचारणे प्रत्येक कुटुंबाचे काम आहे. विहाराचा सातबारा आणि ट्रस्टची नोंद नीट नसेल, तर वंदना कितीही भक्तीने म्हटली तरी ती इमारत आपली राहीलच असे नाही.

दुसरा बोध असा की, नवा धर्म स्वीकारल्याने जात आपोआप जात नाही. कॅथलिक चर्चने पुढे आपली चूक ओळखली. भारतातील बिशपांच्या परिषदेने २०१६ साली दलितांविषयीचे धोरण जाहीर करून चर्चमध्ये अस्पृश्यता आहे आणि नेतृत्वात दलित फार थोडे आहेत, हे मान्य केले. हैदराबादचे अँथनी पूला २०२२ साली कार्डिनल झाले. दलित समाजातून त्या पदास पोचलेले ते पहिलेच. झेवियर गोव्यास उतरल्यापासून ४८० वर्षे! आपण हसू नये. सोयरीक जुळवताना बौद्ध झालेला महार बौद्ध झालेल्या मांगाकडे कोणत्या नजरेने पाहतो, हे प्रत्येकाने आपल्या घरात पाहावे. तेथे जर जुनीच पोटजात विचारली जात असेल, तर नोबिलीला दोष देण्याचा अधिकार आपणांस उरत नाही.

शेजाऱ्याचा हक्क

आता ज्यासाठी हे सर्व सांगितले, त्या मुद्द्याकडे येतो. राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा प्रथम हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली त्यात शिखांचा समावेश झाला. आपण मात्र १९५६ नंतर बाहेर राहिलो. १९६४ साली पंजाबराव विरुद्ध मेश्राम ह्या नागपूरच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बौद्ध झालेल्या उमेदवाराची राखीव जागेवरील निवडणूक रद्द ठरवली. महाराष्ट्र शासनाने आपल्या अखत्यारीतील सवलती नवबौद्धांना दिल्या. परंतु केंद्राची दारे १९९० साली कायदा बदलल्यावरच उघडली. चौतीस वर्षे आपण सांगत होतो की, धर्म बदलला म्हणून गावाने आमची वस्ती बदलली नाही, विटाळ सोडला नाही, मजुरी वाढवली नाही.

ख्रिस्ती बांधव आज हेच सांगत आहेत. १९८५ साली मद्रासच्या सूसाई नावाच्या ख्रिस्ती चर्मकाराचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले. रस्त्याकडेला बसून चपला शिवणाऱ्यांना सरकार टपरी देत होते. तो ख्रिस्ती म्हणून त्याला मिळाली नाही. ख्रिस्ती झाल्यावरही तशीच तीव्र सामाजिक हानी सोसावी लागते ह्याचा पुरेसा पुरावा नाही, असे म्हणून न्यायालयाने त्याची मागणी फेटाळली. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ साली हा दर्जा धर्मापासून अलग करावा, अशी शिफारस केली. २०२२ साली केंद्र सरकारने न्यायमूर्ती बालकृष्णन आयोग नेमला. अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे संरक्षणही अनुसूचित जातीच्या दर्जावरच अवलंबून असल्यामुळे हा प्रश्न नोकरीपुरता नाही, अंगावर आलेल्या काठीपुरताही आहे.

आपल्या शेवगाव-पाथर्डीकडून ऊसतोडीला जाणारी बौद्ध व ख्रिस्ती कुटुंबे एकाच फडात राबतात, शेजारी शेजारी कोपी घालतात. मुकादम उचल देताना धर्म विचारीत नाही. गावातील दांडगा शिवी देताना धर्म विचारीत नाही. फक्त तहसील कचेरीतील दाखला धर्म विचारतो.

काही बांधव म्हणतात, त्यांना घेतले तर आमचा वाटा कमी होईल. हा आक्षेप खरा आहे, तो उडवून लावू नये. परंतु १९९० पूर्वी हेच शब्द आपल्याविरुद्ध वापरता आले असते. त्याचे न्याय्य उत्तर एकच: संख्या वाढली तर त्या प्रमाणात वाटाही वाढवून मिळाला पाहिजे, अशी मागणी दोघांनी मिळून करावी. शेजाऱ्याला बाहेर ठेवून आपला वाटा राखणे ही गावकुसाचीच रीत आहे; ती आपण सोडून आलो आहोत.

दुसरीही एक गोष्ट आहे. १९७७ साली स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असे ठरवले. त्यानंतर अनेक राज्यांनी धर्मांतरावर परवानगीची बंधने घातली. ही बंधने मिशनऱ्यांसाठी आहेत, आपला काय संबंध, असे वाटत होते. २०२४ च्या एप्रिलमध्ये गुजरात सरकारने परिपत्रक काढून हिंदूला बौद्ध होण्यासाठीही जिल्हाधिकाऱ्याची परवानगी लागेल, असे स्पष्ट केले. शेजाऱ्याच्या दारात बांधलेली भिंत आपल्या अंगणात केव्हा येते ते कळतही नाही.

धम्मबंधूंनो, राजाच्या बळावर आलेल्या संघाला राजाने हाकलले. स्वदेशाने बंदी घातलेल्या संघाला आमच्या घटनेने आश्रय दिला. ह्यातून निष्कर्ष सरळ निघतो. आपल्या श्रद्धेचे खरे रक्षण सर्वांना सारखा हक्क देणाऱ्या कायद्यात आहे. तो कायदा ख्रिस्ती शेजाऱ्याच्या बाबतीत मोडला जात असताना आपण गप्प बसलो, तर उद्या आपल्या बाजूने बोलायला साक्षीदार मिळणार नाही. म्हणून आपल्या मुलांचे दाखले वेळेवर काढा, विहाराची कागदपत्रे पक्की करा, आणि ख्रिस्ती भाऊबंदांच्या अर्जावर साक्षीदार म्हणून सही करायला मागे राहू नका.

जय भीम!